शेहेचाळीस ठोके

नागेशची नाडी मिनिटाला शेहेचाळीस पडते, ही गोष्ट लासुर्ण्यात माहीत नसलेला माणूस शोधून सापडला नसता. माहीत नसायला त्याचा बाप दादासो गप्प बसायला हवा होता ना! दोन वर्षांपूर्वी शाळेत आरोग्य शिबिर झालं, तेव्हा ती नाडी मोजली होती नागेशच्या सख्ख्या आत्यानं, जयवंता सिस्टरनं. आधी तिला वाटलं, आपलं घड्याळच पुढं पळतंय. तिनं दुसऱ्या सिस्टरचं घड्याळ मागून घेतलं, मनगट बदललं, पुन्हा मोजली. शेहेचाळीसच. "आरं, माणूस हायस का म्हैस?" असं ती म्हणाली आणि सगळी शाळा हसली. शिबिराच्या डॉक्टरांनी समजावलं, की रोज हजार जोर आणि दोन हजार बैठका मारणाऱ्याचं काळीज मोठं होतं, एका ठोक्यात दोघांचं काम करतं. दादासोला त्यातलं एवढंच कळलं, की आपल्या पोराचं काळीज मोठं आहे. तिथून पुढं डेअरीवर दूध घालताना, एसटीची वाट बघताना, न्हाव्याच्या खुर्चीत बसून तो समोरच्याला विचारायचा, "तुमची किती? बहात्तर? माझ्या नाग्याची शेहेचाळीस!" जणू काही ती गदाच होती, खांद्यावर घेऊन मिरवायची.

याच दादासोचा दुसरा एक नियम होता. नागेश नऊ वर्षांचा असताना तालमीत गेला, त्या दिवशी बापानं त्याच्याकडून वचन घेतलं, की चार लोकांसमोर पाठ टेकायची नाही. कुस्तीत तर नाहीच नाही, पण एरवीसुद्धा नाही. पोरगं दुपारी लिंबाखाली झोपायचं ते कुशीवर. रात्री घरात दिवा मालवला की मग काय ते उताणं. लोक हसायचे, पण कौतुकानं हसायचे. जयवंताला मात्र हे कधी पटलं नाही. "उद्या पोराला ताप आला तर उभ्यानं झोपवणार का त्याला?" असं ती भावाला तोंडावर विचारायची. दादासो मिशीतल्या मिशीत हसायचा आणि विषय बदलायचा.

ही गोष्ट शहाण्णव सालच्या मार्चातली. चार दिवसांवर जत्रा होती आणि जत्रेतली शेवटची कुस्ती, म्हणजे जिच्यासाठी माणसं झाडावर चढून बसतात ती, नागेशची लागली होती. तीन वर्षं बाप-लेक त्या जोडीच्या मागं होते. आता त्या दिवशी काही अपशकुन झाला म्हणावं, तर तसलं काही झालं नाही. कुत्रं रडलं नाही, दूध नासलं नाही. वाईट गोष्टी आपल्याला कळवून येत नाहीत, हेच खरं वाईट.

साडेअकराच्या सुमाराला कालव्याच्या चारीवरच्या अरुंद पुलाशी उसानं भरलेली ट्रॉली कलंडली. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर एका बाजूला नागेश बसला होता, दुसऱ्या बाजूला दोर बांधणारा सोपान. मडगार्डवर बसू नये हे सगळ्यांना कळतं आणि सगळे बसतात. नागेशनं उडी मारली, तेव्हा ट्रॉलीच्या बाजूच्या लोखंडी फाळक्याचा कोपरा त्याच्या डाव्या बरगडीखाली बसला. सोपान उताणा दगडावर पडला. ड्रायव्हरचं कपाळ स्टेअरिंगवर फुटलं.

जयवंता नोकरी करायची तो दवाखाना बारामती-इंदापूर रस्त्याला लागूनच होता. आठ खाटा, एक जीप आणि राजेश्वरी मॅडम म्हणून दोनच महिन्यांपूर्वी आलेल्या तरुण डॉक्टर. बाराला पाच कमी असताना कुणाचा तरी टेम्पो दारात उभा राहिला आणि पहिल्यांदा आत आला तो ड्रायव्हर, रक्तानं न्हाऊन निघालेला. "मेलो, मेलो, आईऽ" म्हणून त्यानं दवाखाना डोक्यावर घेतला. त्याच्यामागं नागेश. त्याच्या खांद्यावर सोपान, पोतं टाकावं तसा. चारीपासून रस्त्यापर्यंत त्यानं एकट्यानं वाहून आणला होता. अरे, असं उचलू नये रे माणसाला! पण कोण सांगणार, आणि त्या घाईत कोण ऐकणार?

जयवंता पुण्याला ट्रेनिंगला होती तेव्हा मुक्ताबाई नावाच्या एका कडक सिस्टरनं तिला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. ओरडतोय त्याच्याकडं मागनं जा, गप्प आहे त्याच्याकडं आधी. आणि मशीन लावायच्या आधी हात लाव. अंग गार, घामेजलेलं आणि नाडी पळती, तर रक्त चाललंय. बाहेर दिसत नसेल तर आत चाललंय. अंग गरम, कोरडं, नाडी संथ आणि तरी बीपी पडलेलं, तर कण्याला मार आहे. दोन्हीला शॉकच म्हणायचं, पण दोन्ही वेगळे आणि दोन्हींचा रस्ता वेगळा.

म्हणून ड्रायव्हरच्या कपाळावर गॉज दाबून तो त्याचा त्यालाच धरायला लावून ती सोपानकडं वळली. सोपान छताकडं बघत गप्प पडला होता. तिनं त्याच्या पायाला हात लावला. पाय गरम होते, कोरडे होते. तिनं अंगठा चिमटला.

"कळतंय का रं सोपाना?"

"काय?" सोपान म्हणाला.

मॅडम बीपी बघत होत्या. "ऐंशी, सिस्टर. आणि नाडी चोपन्न. एवढं बीपी पडलंय तर नाडी पळायला हवी ना?"

"पाय गरम आहेत, मॅडम. रक्ताचं नाही हे. कणा गेलाय."

मॅडमनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि मान हलवली. मानेच्या दोन्ही बाजूंना चादरींच्या गुंडाळ्या लावल्या, सोपानला फळीवर घेतला, सलाईन जोडलं. बारामतीला न्यायला हवा, आणि वाटेत त्याचा श्वास अडला तर डॉक्टर सोबत हवा. म्हणजे मॅडमना जावं लागणार होतं आणि जीपही जाणार होती. निघता निघता त्यांनी व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या नागेशला बघितलं. तोवर दादासो धावत आला होता आणि पोराच्या शेजारी पहारा द्यावा तसा उभा होता.

"झोपा जरा, पोट बघते," मॅडम म्हणाल्या.

"बसूनच बघा की, बाई," दादासो म्हणाला. "चालत आलाय त्यो. दुसऱ्याला खांद्यावर घिऊन आलाय!"

"दुखतंय का कुठं?"

नागेशनं बापाकडं बघितलं. "न्हाय," तो म्हणाला.

मॅडमनी बसल्या बसल्या पोट दाबलं. ते कडक लागलं. पण पैलवानाचं पोट कडक असायचंच, त्यावरून काय ओळखणार? त्यांनी नाडी मोजली, बीपी घेतलं, कागदावर लिहिलं आणि जीपमध्ये चढता चढता ओरडून सांगितलं, "सिस्टर, नाडी नॉर्मल आहे, पण याला आडवा करून ठेवा. दर पंधरा मिनिटांनी बघा!"

जयवंतानं ऐकलं. खोटं कशाला बोला, ऐकलं होतं तिनं. पण ड्रायव्हरचं रक्त थांबेना. टाळूपर्यंत फाटलं होतं, अकरा टाके पडले, आणि तो बाबा प्रत्येक टाक्याला अर्धा फूट उडत होता. "दादा, पोराला आत आणून झोपीव," असं तिनं आतनं दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा दादासो "व्हय व्हय" म्हणाला. आणि खरं सांगायचं तर तिलाही मनातून वाटत होतं, चालत आलाय, माणूस वाहून आणलाय, याला काय धाड भरलीय? मुक्ताबाईंनी शिकवलेलं सगळं परक्याच्या पोराला लागू होतं. आपल्या घरातलं पोरगं आपल्याला धडधाकटच दिसतं.

हात धुऊन ती बाहेर आली तेव्हा पाऊण वाजला होता. नागेश बाकावर ताठ बसला होता. समोर रिकामा तांब्या होता, त्याच्याशेजारी दुधाचा मोठा ग्लास, तोही रिकामा. दादासोनं समोरून मागवला होता, आत तूप सोडून.

"दूध पाजलंस? आरं, पोटात मार लागलेल्याला कुणी काय पाजतं व्हय?"

"तहान तहान करत हुता. तीन तांबे पाणी प्याला."

नागेशनं जांभई दिली. लगेच दुसरी दिली. त्याचा उजवा हात डावा खांदा चोळत होता.

"खांद्याला काय झालं रं?"

"सोपानला उचलला न्हवं, आत्ती. भरून आलाय." पण त्यानं सोपानला आणला होता उजव्या खांद्यावर. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

पोटात रक्त साठलं की कळ डाव्या खांद्यात येते, हे जयवंताला मुक्ताबाईंनीच शिकवलं होतं. तिनं त्याचा हात हातात घेतला. गार होता, ओलसर होता.

"चारीत धुतलं की हात," नागेश म्हणाला.

"तासभर झाला त्याला."

तिनं मॅडमचा कागद उचलला. बीपी एकशेदहावर नव्वद. नाडी चौऱ्याऐंशी. तो आकडा तिनं दोनदा वाचला. कुणाही माणसाची असावी तशी नाडी. मॅडमना काय माहीत? त्या शिबिराला नव्हत्या. माहीत होतं या व्हरांड्यातल्या तिघांना, आणि तिघंही गप्प बसले होते. तिनं घड्याळ धरून मनगटावर बोटं ठेवली. नाडी बारीक लागत होती, दोऱ्यासारखी, आणि पळत होती.

"दादा, मघाशी चौऱ्याऐंशी हुती. आता एकशेबारा हाय."

"डॉक्टरीणबाई म्हणल्या नारमल हाय म्हणून."

"तुझी-माझी असती तर नारमल! याची शेहेचाळीस असती ना रं? साऱ्या गावाला तूच सांगत फिरतोस ना? मग बाई नारमल म्हणल्या तवा तुझं तोंड का शिवलं हुतं?"

दादासोनं इकडंतिकडं बघितलं. रस्त्यापलीकडच्या रसवंतीत बसलेली माणसं माना लांब करून बघत होती. त्यांच्यात जत्रेच्या कमिटीतला एक जण होता. दादासो दबक्या आवाजात म्हणाला, "हळू बोल की, माझे आये! तीन वर्षं घालवल्यात मी ह्या जोडीसाठी. पोरगं दवाखान्यात आडवं पडलंय असं त्यांनी बघितलं, तर सांजच्याला जोड बदलत्यात. जरा दम खाऊ दे त्याला. घरी जाऊन झोपंल."

"घरी जाऊन? आरं, पोटात रक्त सांडतंय त्याच्या!"

"कुठंय रक्त? एक थेंब दाव मला!"

आता काय करावं या माणसाला? आकडे सांगून उपयोग नव्हता, आकड्यांचा त्यानं दागिना करून ठेवला होता. मग जयवंताला त्या दोघा भावंडांचा बाप आठवला. गेणू धनगर, डोईला पटका, खांद्यावर घोंगडं. भावंडं लहान असताना घरात दीडशे मेंढरं होती. एडक्यानं टक्कर दिलेली मेंढी वरून चांगली दिसायची, चरायची, कळपाबरोबर चालायची. गेणू तिला मांडीत दाबायचा आणि अंगठ्यानं खालची पापणी ओढायचा. आत लाल दिसलं की सोडून द्यायचा. पांढरं दिसलं की काही न बोलता सुरी मागायचा. तो कधी चुकला नाही.

जयवंतानं नागेशची हनुवटी वर केली आणि अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढली.

"दादा, हितं ये. बघ."

दादासो वाकला. त्यानं बघितलं. आत लालीचा मागमूस नव्हता, सगळं खडूसारखं पांढरं. त्यानं दुसऱ्या डोळ्याची पापणी स्वतःच्या अंगठ्यानं ओढली आणि तसाच वाकून राहिला. चेहऱ्यावरचं पाणी उतरलं त्याच्या. बापाच्या हातातली सुरी त्यालाही दिसली असणार.

"जयवंते," तो म्हणाला, "आता गं?"

मग सगळी पळापळ झाली, जी तासापूर्वी व्हायला हवी होती. जीप बारामतीला गेलेली. जयवंतानं फोन फिरवला, बारामतीच्या सर्जनला गाठलं, पोटात रक्त आहे, रक्ताच्या बाटल्या तयार ठेवा, असं सांगितलं. एक माणूस हिंदुरावांकडं पळाला. गावात त्यांची कमांडर जीप होती. हिंदुराव भरल्या ताटावरून उठून आले, पण तेवढ्यालाही दहा मिनिटं गेली. जयवंता आतून सलाईनच्या बाटल्या घेऊन व्हरांड्यात आली आणि अजून बाकावर ताठ बसलेल्या नागेशच्या हातापाया पडायच्या तयारीनं म्हणाली, "नागेश, माझ्या सोन्या, आता तरी..."

"आत्ती," नागेश म्हणाला, "जरा पाठ टेकू का?"

उत्तराची वाट न बघता तो बाकावरून घसरला आणि व्हरांड्याच्या फरशीवर उताणा झाला. भर दुपारी, रसवंतीतल्या सगळ्या माणसांसमोर. दोन्ही हात बाजूला पडले. गेला तासभर तिला हेच हवं होतं आणि आता तो स्वतः झोपला, तर ती घाबरून त्याच्या मनगटाकडं झेपावली. रस्त्यापलीकडची माणसं एकदम उभी राहिली. दादासोनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. तो पोराच्या उशाशी बसला आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

हिंदुरावांनी गाडी सोडली ती वाऱ्यासारखी. मागं नागेशला लांब केला होता. दादासो एका हातानं सलाईनची बाटली वर धरून बसला होता, दुसरा हात पोराच्या कपाळावर. जयवंताची बोटं मनगटावर आणि डोळे घड्याळावर.

"किती?" दादासोनं विचारलं.

"एकशेचोवीस."

पुढं उसाच्या गाड्यांची रांग लागली. हिंदुराव हॉर्नवरचा हात काढेनात, पण भरल्या ट्रॉल्या हलून हलून किती हलणार? चाकं रस्त्याखाली घालून, शिव्या घालत त्यांनी गाडी काढली. सात मिनिटं गेली. जयवंतानं ती मोजली, कारण आता तिच्या हातात मोजण्याशिवाय काही उरलं नव्हतं.

"किती गं?"

"एकशेचाळीस." मनगटावरची नाडी आता हुकायला लागली होती. तिनं बोटं गळ्यावर नेली. दुसरी बाटली जोडली. बाटलीतलं पाणी आत जात होतं, पण पाणी म्हणजे रक्त नव्हे.

नागेशनं डोळे उघडले. "दादा," तो बापाला म्हणाला, "उजेड कमी का झाला?" बाहेर मार्चातलं ऊन मी म्हणत होतं.

"ढग आलंय, बाळा," दादासो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्यानं त्याला बाळा म्हटलं असेल.

काटेवाडी मागं पडली. बारामती आता हाकेच्या अंतरावर होती. नागेशचा श्वास मोठा झाला, मग लांब झाला. जयवंताच्या बोटांखाली पळणारी नाडी एकाएकी सावकाश झाली. धावून धावून दमलेला माणूस चालायला लागतो, तशी. तिनं घड्याळ नीट धरलं आणि पूर्ण मिनिटभर मोजली. तिला खरं वाटेना.

"किती?" दादासोनं विचारलं. "आगं, किती? बोल की!"

"शेहेचाळीस," ती म्हणाली.

दादासोचा चेहरा असा फुलला, की ते बघवत नव्हतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बाटली आणखी उंच धरून तो पुढं ओरडला, "हिंदुराव! आली बघा नाडी ठिकाणावर! शेहेचाळीस! माझ्या नाग्याची शेहेचाळीसच असती! म्हणलं न्हवतं मी?"

"वाचला म्हणायचा!" हिंदुराव म्हणाले आणि इतका वेळ दाबून धरलेला पाय त्यांनी थोडा सैल सोडला.

जयवंतानं डाव्या हातानं नागेशचं पाऊल धरलं. पाऊल गार होतं. तिनं हात वर नेला. गुडघ्यापर्यंत गार होतं, मांडीही गार होती.

"पाय काढू नका, हिंदुराव!" ती किंचाळली. "पळवा गाडी, पळवा!"

दादासोनं वळून तिच्याकडं बघितलं. तोंडावरचं हसू तसंच होतं, फक्त डोळ्यांतलं विझत चाललं होतं. "का गं?" तो म्हणाला. "आता का? शेहेचाळीस म्हणलीस न्हवं?"

तिनं गळ्यावरची बोटं काढली नाहीत. मान खाली घालून ती पुढचे ठोके मोजत राहिली. ते मोजायला तिला फार वेळ लागला नाही.